अर्धशिशी : अपथ्याची यादी की दिनचर्येची घडी?

अर्धावभेदकाचा रुग्ण आपल्या चिकित्सालयातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा दोन कागद असतात. एकावर औषधे लिहिलेली असतात, दुसऱ्यावर अपथ्याची छापील यादी असते. दही, ताक, केळी, वांगे, बटाटा, तूरडाळ, हरभरा, शेंगदाणे, लोणचे, पापड, चिंच, टोमॅटो, शिळे अन्न, थंड पाणी, पंख्याचा वारा, दिवसाची झोप असे बरेच काही त्या यादीत असते. पहिल्या कागदाविषयी आपण परिषदांत, चर्चासत्रांत आणि या त्रैमासिकाच्या पानांवर पुष्कळ बोलतो. दुसऱ्या कागदाविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. या दुसऱ्या कागदाने रुग्णाचे, विशेषतः स्त्रीरुग्णाचे, अनेकदा अहितच होते असे माझे मत आहे आणि ते वैद्यबंधु-भगिनींपुढे मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

माझे चिकित्सालय माजरी येथे आहे. भद्रावती तालुक्यातील हे गाव कोळशाच्या खाणींमुळे आणि रेल्वेच्या जंक्शनमुळे लोकांना ठाऊक आहे. दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरून वणीकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. वेकोलिचे कामगार, ठेकेदाराकडील मजूर, वर्धा नदीच्या काठचे कापूस-सोयाबीन पिकविणारे शेतकरी, वाहनचालक, आणि या सर्वांच्या घरातील स्त्रिया हा माझा रुग्णवर्ग. येथे डोकेदुखी घेऊन येणारी बाई व्याधीचे वर्णन करीत नाही. "डोकं फुटून रायलं जी मॅडम, एक सुई लावून द्या," एवढेच ती सांगते, कारण घरी स्वयंपाक पडलेला असतो आणि चारच्या पाळीला जाणाऱ्याचा डबा व्हावयाचा असतो.

हा व्याधी क्षुल्लक नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. २०१६ सालच्या जागतिक व्याधिभार अभ्यासात, माणसाला कार्यक्षमतेपासून वंचित ठेवणाऱ्या व्याधींमध्ये मायग्रेनला दुसरे स्थान मिळाले. कर्नाटकात शहरी व ग्रामीण भागांत घरोघरी जाऊन केलेली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत वर्षभरात मायग्रेनचा त्रास झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे २५ टक्के आढळले, म्हणजे चारांत एक. पुरुषांच्या मानाने स्त्रियांमध्ये हा व्याधी दोन ते तीन पट अधिक असतो. तरीही "डोकेच तर दुखते आहे" या एका वाक्यात घरातले आणि कधी कधी आपणही त्याची बोळवण करतो.

संहिताकारांनी मात्र त्याची बोळवण केलेली नाही. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानाच्या नवव्या अध्यायात अर्धावभेदकाची जी हेतुमालिका दिली आहे ती पुन्हा एकदा शांतपणे वाचावी. रूक्ष भोजन, आधीचे जेवण पचण्यापूर्वी पुन्हा जेवणे, पूर्वेचा वारा, दव, अतिमैथुन, वेगांचे धारण, अतिश्रम, अतिव्यायाम. या हेतूंनी प्रकुपित झालेला वायू एकटा किंवा कफाच्या साहाय्याने मस्तकाचा अर्धा भाग ग्रासतो आणि मान, भुवई, शंखप्रदेश, कान, डोळा व कपाळ यांच्या एका बाजूस शस्त्राने तोडल्यासारखी तीव्र वेदना उत्पन्न करतो. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग वर्णन करताना अर्धावभेदक त्रिदोषज मानला आणि तो पंधरा किंवा दहा दिवसांनी अकस्मात उद्भवतो असेही नोंदवले. आजचे मज्जारोगतज्ज्ञ ज्या लक्षणांवरून मायग्रेन ओळखतात ती याहून फार दूर नाहीत. चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकणारा, बहुधा एका बाजूचा, ठणकणारा, हालचालीने वाढणारा शूल, सोबत मळमळ किंवा उलटी, आणि उजेड व आवाज सहन न होणे. दर वेळी एकच बाजू दुखते असे नाही, आणि बऱ्याच जणांचे दोन्ही अंगांनी दुखते. म्हणून केवळ "अर्धे" या शब्दाला चिकटून निदान करू नये.

चरकांच्या हेतुमालिकेत एक गोष्ट लक्षात येते. तीत पदार्थांची नावे जवळजवळ नाहीत. अन्न कोणते यापेक्षा ते केव्हा आणि कसे घेतले यावर, तसेच झोप, वेग, श्रम आणि हवा यांवर तीत भर आहे. आपल्या छापील यादीत नेमके याच्या उलट झालेले दिसते. तीत वांगे आहे, पण दुपारी तीनपर्यंत उपाशी राहणे नाही. चिंच आहे, पण रात्रपाळी नाही.

यादी आणि उपासमार

बेचाळीस वर्षांच्या एका रुग्णेचे उदाहरण देते. दहा वर्षांपासून अर्धशिशी, पाच चिकित्सकांच्या पाच याद्या. त्या सर्व याद्यांची बेरीज करून ती जे जेवत होती ते म्हणजे ज्वारीची भाकरी, मुगाचे पातळ वरण आणि दोडका. दूध बंद, ताक बंद, फळे बंद. वजन घटलेले, जिभेवर पांढुरकेपणा, रक्तात हिमोग्लोबिन साडेआठ. आणि शिरःशूलाचे वेग महिन्यातून दोनदा येत ते आठवर गेलेले. तिला लोहाची औषधे दिली, दूध-ताक-फळे पुन्हा सुरू केली आणि सकाळी आठच्या आत काहीतरी खाण्याचे बंधन घातले. शूल पूर्ण गेला नाही, पण तीन महिन्यांत तो महिन्यातून दोन-तीन वेळांवर आला. हा काही शोधनिबंध नव्हे. परंतु उपवास हाच अर्धशिशीचा प्रबळ हेतू असताना आपणच रुग्णाला अर्धपोटी ठेवावे, हा विपर्यास या उदाहरणात उघडा पडतो.

पदार्थांवर संशय का येतो, याचेही कारण समजून घेण्यासारखे आहे. वेग येण्याच्या काही तास आधी, कधी एक-दोन दिवस आधी, पूर्वरूपे दिसू लागतात. जांभया, मान आखडणे, चिडचिड, वारंवार मूत्रप्रवृत्ती, आणि गोड किंवा आंबट खाण्याची विलक्षण इच्छा. रुग्णा त्या इच्छेपोटी चिंचेची चटणी खाते, रात्री डोके धरते आणि चिंच गुन्हेगार ठरते. वास्तविक व्याधी आधीच सुरू झालेला असतो आणि चिंचेची इच्छा हे त्याचेच पूर्वरूप असते. पूर्वरूपाला हेतू समजण्याची ही गफलत माधवनिदान शिकलेल्याने तरी करू नये. काही जणांना विशिष्ट पदार्थाने खरोखरच त्रास होतो, हे नाकारता येत नाही. परंतु तो पदार्थ कोणता हे छापील यादी सांगू शकत नाही. ते त्या रुग्णाची दोन-तीन महिन्यांची नोंदवहीच सांगेल. तीनदा खाल्ला आणि तिन्ही वेळा चोवीस तासांच्या आत वेग आला, तरच तो पदार्थ सोडावा, असा माझा साधा दंडक आहे.

नोंदवही म्हणजे फार काही नाही. मुलांची अर्धी भरलेली वही चालते. तारीख, डोके केव्हा दुखू लागले, आदल्या रात्री झोप किती, शेवटचे जेवण किती वाजता, पाळी आली काय, ऊन लागले काय, कोणती गोळी किती घेतली. लिहिता न येणाऱ्या बायका भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर फुल्या मारतात. दुखले तर एक फुली, गोळी घेतली तर तिच्याभोवती वर्तुळ. तीन महिन्यांची दिनदर्शिका समोर ठेवली की पुष्कळ काही न विचारता कळते.

आमच्या भागातील हेतू

पुस्तकी यादी बाजूला ठेवून खाणपट्ट्यात प्रत्यक्ष काय दिसते ते थोडे विस्ताराने लिहिते, कारण हे हेतू आपापल्या गावाप्रमाणे प्रत्येक वैद्याने शोधावयाचे आहेत.

पहिले अर्थातच ऊन. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या वर जाणे नवे नाही, सत्तेचाळिसाच्या नोंदीही झालेल्या आहेत. खुल्या खाणीत सावली नसते, काळा दगड तापतो, आणि सुरुंगाच्या स्फोटाचा आवाज व धूळ वेगळीच. पण माझ्या पाहण्यात ऊन एकटे क्वचित येते. त्याच्यासोबत तहान येते. कापूस वेचणाऱ्या, मिरची तोडणाऱ्या आणि रस्त्याच्या कामावरील बायका दिवसभर पाणी जाणूनबुजून कमी पितात, कारण आडोशाची जागा नसते. म्हणजे उष्णता, जलाल्पता आणि मूत्रवेगाचे धारण असे तीन हेतू एकत्र. मूत्रवेग रोखल्याने शिरःशूल होतो हे चरकांच्या सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात स्पष्ट आहे. मलवेगाचे, निद्रेचे तसेच आहे. आणि शिंकेचा वेग रोखल्याने होणाऱ्या विकारांत तर अर्धावभेदकाचे नावच घेतलेले आहे. कामाच्या ठिकाणी शौचालय असणे हा शिरोरोगाच्या चिकित्सेचा भाग आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

दुसरा हेतू पाळीचा. आठवडाभर रात्रपाळी, मग सकाळची पाळी, मग दुपारची. मेंदूला झोपेची वेळ कळेनाशी होते. केवळ जागरणच नव्हे, सुटीच्या दिवशी दहापर्यंत झोपणे हेही वेग आणते. अनेक कामगारांचे डोके नेमके साप्ताहिक सुटीच्या दिवशी दुखते आणि घरचे म्हणतात, काम नको म्हणून सोंग करतो. पाळी बदलणे कामगाराच्या हातात नसते, हे मान्य करूनच सल्ला द्यावा लागतो. रात्रपाळीहून आल्यावर डोळ्यांवर काळा फडका बांधून, खोली अंधारी करून सलग झोपावे. झोपण्याआधी थोडे खावे. पाळीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात चहा घेऊ नये. एवढे तरी शक्य असते.

तिसरा हेतू खर्रा आणि काळा चहा. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत सुपारी, तंबाखू व चुना यांचा हा खर्रा पुरुषच नव्हे, स्त्रियाही खातात. तो भूक मारतो, आणि भूक मेली की जेवण लांबते. चहाचे दुसरेच. दिवसाला आठ-दहा कप घेणाऱ्याने तो एकाएकी सोडला की दुसऱ्या दिवशी डोके दुखणारच. म्हणून "चहा आजपासून बंद" हा सल्ला देऊ नये. सात्म्य झालेले अहितकर द्रव्य एकदम न सोडता चतुर्थांशाच्या क्रमाने सोडावे, हा चरकांचा पादांशक्रम येथे अक्षरशः लागू पडतो.

चौथा हेतू दारू. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ च्या एप्रिलपासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती, गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. बंदी असो वा नसो, मोहाची दारू पिऊन दुसऱ्या दिवशी "पित्ताने डोकं धरलं" म्हणणारे रुग्ण कमी नाहीत. यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

पाचवा हेतू व्रतांचा, आणि हा नाजूक विषय आहे. हरतालिकेचा निर्जळी उपवास, भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी पहाटे चारपासून सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, वडे करीत राहणे आणि आरती, नैवेद्य, सवाष्ण, पंगत हे सर्व आटोपून सायंकाळी पहिला घास घेणे. दुसऱ्या दिवशी चिकित्सालयात रांग लागते. मी कोणाला व्रत सोडावयास सांगत नाही. ज्या स्त्रीला अर्धशिशी आहे तिने पाणी, दूध, फळ यांना वर्ज्य मानू नये, आणि हे तिच्या सासूसमोर सांगावे, एवढेच करते. सासूसमोर सांगणे महत्त्वाचे. एकट्या सुनेला सांगून उपयोग होत नाही.

याशिवाय मासिक पाळीच्या एक-दोन दिवस आधी येणारा वेग. त्याला टाळण्याजोगा हेतू नाही. फक्त तो येणार हे ठाऊक असल्याने त्या दिवसांत झोप, जेवण आणि पाणी यांत हलगर्जी होऊ न देणे हाती उरते. दृष्टीसमोर चमकणाऱ्या रेषा, आंधळा ठिपका अशी लक्षणे शूलापूर्वी येणाऱ्या स्त्रियांनी इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, कारण त्यांत पक्षाघाताचा धोका वाढतो. आपल्यापैकी कितीजण अर्धशिशीच्या रुग्णेला हा प्रश्न विचारतात?

घरगुती उपायांचे तारतम्य

आता घरगुती उपायांकडे वळते. यांबाबत दोन टोके दिसतात. एक टोक सर्वच हसण्यावारी नेणाऱ्यांचे, दुसरे "मुळापासून नाश" अशी पत्रके वाटणाऱ्यांचे.

सुंठ ही माझी पहिली पसंती. वेगाची चाहूल लागताच पाव चमचा सुंठचूर्ण कोमट पाण्यातून. मळमळ निश्चित कमी होते. २०१४ साली इराणमधील संशोधकांनी शंभर रुग्णांमध्ये सुंठीचे चूर्ण आणि सुमाट्रिप्टान या औषधाची तुलना केली, तेव्हा दोन तासांनंतरचा परिणाम जवळपास सारखा आढळला. हे आपण मोठ्या आनंदाने सांगतो. परंतु २०२० साली ब्राझीलमधील अभ्यासात, वेग येऊच नयेत म्हणून रोज घेतलेले आले निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. म्हणजे सुंठ वेगकाळी द्यावी, बारमाही प्रतिबंध म्हणून तिची भलावण करू नये.

सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी किंवा दूध-पेढा, हा आजीबाईचा उपाय सूर्यावर्तासारख्या, सकाळी सुरू होऊन उन्हाबरोबर चढणाऱ्या शूलात अनेकांना मानवतो. यात जिलेबीची काही जादू नाही. रात्रभराच्या उपाशी पोटाला पहाटे स्निग्ध, मधुर, बल्य आहार मिळतो आणि वातशमन होते. तेच काम तूप-गूळ-पोळीने किंवा दूध-खजुराने होते. मधुमेही रुग्णाला हा उपाय सांगणे मात्र अक्षम्य आहे, आणि आज चाळिशीनंतरच्या रुग्णाची रक्तशर्करा न तपासता तो सांगूच नये.

नस्य हे शिरोरोगाचे द्वारच. पण घरी करावयाचे ते प्रतिमर्श नस्य, गायीच्या तुपाचे किंवा अणुतैलाचे प्रत्येक नाकपुडीत दोन-दोन थेंब. जेवण झाल्यावर, डोक्यावरून स्नान केल्यावर, नव्या सर्दीत, तापात नाही. चमचाभर तेल नाकात ओतून घेणारे लोक मी पाहिले आहेत. ते तेल श्वासमार्गात उतरून फुप्फुसाला सूज आणू शकते. रानातील पाल्याचा रस नाकात पिळण्याचा प्रकार तर थांबवलाच पाहिजे. काविळीसाठी देवडांगरीचा रस नाकात घालून नाकातून रक्त वाहू लागलेले रुग्ण विदर्भातील बहुतेक वैद्यांनी पाहिलेले असतील.

चंदन किंवा सुंठीचा लेप, कपाळावर ओली घडी, पायांना कोमट पाणी, अंधारी शांत खोली आणि झोप हे उपाय निर्धोक आहेत. झोप हे यांतील सर्वश्रेष्ठ औषध. दुर्दैवाने तेच बायकांना मिळत नाही. लिंबू-साखर-मिठाचे पाणी किंवा ताक लहान घोटांनी द्यावे. याउलट घशात बोटे घालून "पित्त काढणे" हे व्यर्थ आहे. उलटीनंतर बरे वाटते ते वेगाचा शेवट जवळ आल्यामुळे. पित्ताची गोळी रोज खाणाऱ्या कितीतरी रुग्णांना पित्त नसते, अर्धशिशी असते. कपाळावर बिब्बा, शंखावर डाग, तपकिरीची चिमूट यांविषयी काय सांगावे! दहनकर्म संहितेत आहे, परंतु ते स्नेहन, शिरोविरेचन, बस्ती या सर्वांच्या पंक्तीत, कुशल वैद्याच्या हातात आहे. चुलीत तापवलेल्या विळ्याला अग्निकर्म म्हणता येणार नाही.

सुई आणि गोळी

ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहिणे मला निकडीचे वाटले ती ही. गावोगावच्या किराणा दुकानांत डोकेदुखीची गोळी बिस्किटाशेजारी मिळते. रुग्ण ती सकाळी एक, संध्याकाळी एक घेतो. साधी वेदनाशामके महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या, अर्गोटामीन किंवा ट्रिप्टान महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली तर ती औषधेच रोजची डोकेदुखी उत्पन्न करतात. पंधरवड्याने येणारा व्याधी रोजचा होतो. रुग्ण म्हणतो, "गोळीशिवाय राहवत नाही," आणि ते खरेच असते. उन्हात निर्जल अवस्थेत घेतलेली वेदनाशामके वृक्कांनाही इजा करतात.

अर्गोटामीन व कॅफीनयुक्त मिश्रणाच्या गोळ्या गर्भिणीला, हृद्रोग्याला, उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला घातक आहेत. आपल्या पदवीधर बांधवांपैकीही कित्येकांच्या टेबलावर डायक्लोफेनॅकची सुई तयार असते, कारण रुग्ण तीच मागतो आणि ती न दिल्यास शेजारच्या दवाखान्यात जातो. ही स्पर्धा मला समजते. पण मग आयुर्वेदाची पाटी लावून आपण वेगळे काय देतो?

दहा दिवसांहून अधिक फुल्या वर्तुळात आल्या की मी नव्या औषधाचा विचार थांबवून आधी गोळी सोडविण्याकडे वळते. पहिले आठ-दहा दिवस शूल वाढतो, हे रुग्णाला व घरच्यांना आधी सांगावे लागते. न सांगितल्यास चौथ्या दिवशी रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे असतो. या काळात पथ्यादि क्वाथ, मृदू अनुलोमन, नस्य, शिरोऽभ्यंग आणि भरपूर धीर यांचा उपयोग होतो. ज्यांना अर्गोटामीनची सवय फार दिवसांची आहे, किंवा ज्यांचे वेग महिन्यातून चार-पाचांहून अधिक आहेत, त्यांना मज्जारोगतज्ज्ञाकडे पाठवण्यात मला कमीपणा वाटत नाही. प्रतिबंधक औषधे त्यांच्याकडेही चांगली आहेत, २०१८ पासून तर मायग्रेनसाठीच घडविलेली प्रतिपिंड-औषधेही आली आहेत, पण खाणमजुराला परवडतील अशी नाहीत.

आणि जी अर्धशिशीच नव्हे, तिला घरगुती उपाय सांगत बसू नये. ज्वरासह शिरःशूल म्हणजे आमच्या वनप्रदेशात प्रथम मलेरियाची रक्ततपासणी, मान ताठ असेल तर तत्काळ जिल्हा रुग्णालय. क्षणार्धात उठलेला, आयुष्यात कधी नव्हता असा शूल. पन्नाशीनंतर पहिल्यानेच सुरू झालेली डोकेदुखी. बोलणे अडखळणे, हात-पाय लुळा पडणे. गर्भिणीचे शेवटच्या महिन्यांत डोके दुखणे, जेथे रक्तदाब मोजल्याखेरीज सुंठीचे नाव काढू नये. सिकलसेलचा रुग्ण. या सर्वांना पुढे पाठवावे.

आणखी एक, जे खाणपट्ट्याबाहेरच्या वैद्यांच्या ध्यानात सहज येणार नाही. हिवाळ्यात क्वार्टरमध्ये व झोपड्यांत दार-खिडक्या लावून कोळशाची सिगडी पेटवली जाते. पहाटे नवरा, बायको, मुले अशा सर्वांचेच डोके जड, मळमळ, चक्कर. बाहेर हवेत आले की बरे. अर्धशिशी एकाच वेळी अख्ख्या घराला होत नसते. तो कार्बन मोनॉक्साइडचा विषार आहे आणि त्यात माणसे झोपेतच दगावतात. "घरात आणखी कोणाचे डोके दुखते काय" हा एक प्रश्न डिसेंबर-जानेवारीत प्रत्येक रुग्णाला विचारावा.

याप्य म्हणण्याचे धैर्य

बहुसंख्य रुग्णांत अर्धावभेदक याप्य आहे. पथ्य आणि औषध यांच्या आधारावर तो आटोक्यात राहतो, वयाच्या उत्तरार्धात अनेकांचा शमतोही. "कायमचा बरा" हे शब्द वापरल्याने रुग्ण येतो, पण सहा महिन्यांनी वेग परत आला की तो शास्त्रालाच खोटे म्हणतो. याप्य हा शब्द आपल्या आचार्यांनीच दिला आहे. तो उच्चारण्यात लाज कसली?

शेवटी संघापुढे एक सूचना ठेवते. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांची गडचिरोलीतील दोन खेड्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. सहाशे पन्नास स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग आढळले आणि त्यांतील फारच थोड्यांनी तत्पूर्वी तपासणी करून घेतली होती. कोणी विचारले नव्हते म्हणून कोणी सांगितले नव्हते. डोकेदुखीचे आमच्याकडे तसेच आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतील प्रत्येक सभासदाने येत्या चैत्रापासून वर्षभर शिरःशूलाच्या प्रत्येक रुग्णाची एका ओळीत नोंद ठेवावी. वय, लिंग, व्यवसाय, महिन्यातील शूलाचे दिवस, महिन्यातील गोळ्यांचे दिवस, आणि पहिले जेवण किती वाजता. नाव नको, गाव नको. नोंदीचा एक पानी नमुना मी तयार केला असून तो संपादकांकडे दिला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी तेथून मागवून घ्यावा आणि तोपर्यंत अपथ्याची छापील यादी टेबलाच्या खणात ठेवावी.